राजा बुडायच्या आधी

आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, त्या हिवाळ्यात इचोड्याजवळच्या एका चावडीत देवराईच्या मालकीची चौकशी झाली. राई गोंड राजांनी देवाला दिलेली होती. ते राज्य बुडाले अशी नोंद झाली की दान रद्द होऊन राई सरकारजमा होणार होती. साक्षीला गावाने एक म्हातारा परधान आणला. राजवंशाच्या कथा गाणे हे त्याचे पिढीजात काम. मी वार्ताहर म्हणून हजर होतो. त्याचे नाव मी विचारले नाही.

त्याने अंगठा ओला करून किकरीच्या तारा पुसल्या आणि गुहेत कोंडलेल्या देवांपासून गायला सुरुवात केली. राजांचे मूळ तिथे होते.

"हे राहू द्या," तहसीलदार म्हणाले. "राज्य कधी बुडाले, तेवढेच सांगा."

"राजा आजून जल्मलाच नाही, सायेब. त्याले बुडवू कसा?"

लोक हसले. ही कथा मध्ये तुटली तर पुन्हा मुळापासूनच गातात. त्याने पुन्हा अंगठा ओला केला. तहसीलदारांनी त्याला चार वेळा थांबवले. चारही वेळा देव परत गुहेत गेले.

"मुद्दाम करतोस काय?" नोंदी लिहिणारा पेशकार ओरडला.

"मी तं गाऊन राह्यलो. थांबवून तुमी राह्यले."

मागून एक बाई म्हणाली, "गाऊ द्या ना बाप्पा! आमालेबी आयकाचं हाय."

दिवस मावळला तेव्हा देव नुकते गुहेबाहेर आले होते. पेशकाराने दप्तर बांधले. मालकीच्या रकान्यात काही लिहिलेले नव्हते.