फुकटचा बर्फ कारखाना आणि नानांची सही

मे महिन्यात रत्नागिरीला जायचं ठरलं ते सुलभाच्या एका वाक्यावर. "माहेरी चल, मासे खाऊ घालते." सुलभा आमच्या कोल्हापूरच्या शाळेत गणित शिकवायची, मी इंग्रजी. तिचे वडील, नाना, रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या वाडीत मच्छीमार सोसायटीचे चेअरमन होते. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तेव्हा कोकण रेल्वे नव्हती.

सकाळची एसटी धरा, हे आजही सांगेन. तिकीट वीस रुपयांच्या आतबाहेर होतं. आंबा घाटात खिडकी सोडू नका. साखरप्याचा चहा बरा होता, वड्याबद्दल न बोललेलं बरं. पालीच्या पुढे जीव उकाड्याने नकोसा झाला, तेव्हा सुती कपडेच न्या. दुपारी पोचलो आणि उन्हं उतरल्यावर भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत तासभर पाय बुडवून बसलो. वाटलं, सुट्टी झकास जाणार.

दुसऱ्या दिवशी होड्या लागताना बघायला गेलो. लिलावाआधी प्रत्येक खलाशाच्या घरच्या टोपलीत कालवणापुरती मासळी पडत होती. मी सुलभाच्या आईला, माईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हा खायचा वाटा. तो विकायचा नसतो." त्या दिवशी आमच्या वाट्याला मोठी कोळंबी आली. तसं कालवण मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि नंतरही नाही.

हात धुतले तोच नानांनी इंग्रजी कागद पुढे केले. एक परदेशी कंपनी वाडीला बर्फाचा कारखाना फुकट देणार होती. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा साहेब सहीला येणार होता. "बाई, सोसायटीसमोर जरा वाचून सांगा ओ," नाना म्हणाले. मला मनात हसू आलं. फुकट ते पौष्टिक.

सभा त्याच संध्याकाळी देवळात भरली. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगत गेले. दहा वर्षं सगळी मोठी कोळंबी कंपनीलाच द्यायची. भाव कंपनीने तिच्या देशात बसून ठरवायचा. वाद झाला तर खटलाही तिथल्याच कोर्टात. कारखाना मात्र कायम कंपनीच्याच मालकीचा. शेवटचं कलम मी दोनदा वाचलं: एकही मोठी कोळंबी दुसरीकडे, अगदी सभासदांच्या घरीही, जाणार नाही याला सोसायटी जबाबदार.

"म्हणजे खायचा वाटा पण नाय?" माईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

मी अक्षरशः हादरले होते. इंग्रज जाऊन पस्तीसेक वर्षं झाली, असं मीच वर्गात घसा ताणून सांगत होते. मी नानांना म्हटलं, "ही उघड लुबाडणूक आहे. सही करू नका."

नाना शांत होते. "बाई, रत्नागिरीहून बर्फ येतो तो निम्मा वाटेत वितळतो. निम्मी मासळी कुजते, ती खताला जाते. मुंबईला सरकारकडे तीन अर्ज केले, एकाचं उत्तर नाय. आमी नाय म्हटलं तर साहेब पलीकडच्या खाडीत जाईल, आणि व्यापारी बर्फाच्या मागे तिकडे. ज्याच्या हाती ससा तो पारधी."

"मग मला वाचायला कशाला लावलंत?"

"उद्या नातवंडं विचारतील. न वाचता सही केली, असं सांगायला नको."

मला तोवर वाटायचं, न कळणारी माणसंच फसतात. इथे सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि तरी हात वर होत होते. माझा संताप कुणावर काढावा तेच कळेना. तिसऱ्या दिवशी सही झाली. साहेबाने माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं, आणि मी चक्क थँक्यू म्हणाले. त्याची लाज अजून वाटते. चौथ्या दिवशी परतीची एसटी पकडली.

रत्नागिरीला अवश्य जा. समुद्र आहे, माणसं जीव लावणारी आहेत, आणि आता रस्ताही चांगला झालाय. पण माझ्या मनात राहिलं ते सुलभाने दिवाळीनंतर माहेरहून परतल्यावर सांगितलेलं. कारखाना सुरू झाला होता, मासळी कुजायची थांबली होती. धक्क्यावर कंपनीचं माणूस कुणी नसतं. घरी निघालेल्या बायकांना थांबवून त्यांच्या टोपल्या नाना स्वतः तपासतात. माईंची सगळ्यात आधी.