पायाला विचारून निवडलेलं गाव

लातूरच्या भूकंपात आमच्या घराची दगडी भिंत माझ्या डाव्या पायावर कोसळली. आई-वडील वाचले, पायही वाचला, पण गुडघा पुन्हा नीट वाकलाच नाही. सपाट रस्त्यावर मी हळूहळू चालायची. बसची किंवा ऑटोची पायरी आली की मात्र घाम फुटायचा. पुढं मुखेडला मामांकडे राहून दहावी केली. मामा शाळेत गणित शिकवायचे. मार्क चांगले पडले आणि घरात एकच विषय सुरू झाला: अकरावीला नांदेड की लातूर?

"कॉलेजचं नाव नंतर बघू," मामा म्हणाले. "आधी तुझ्या पायाला विचारू."

आधी नांदेडला गेलो. कॉलेज मला आवडलं. पण परवडणारी खोली एकीकडं, क्लास दुसऱ्याच टोकाला. ऑटोत बसताना माझा पाय बाहेरच राहिला, तेव्हा ऑटोवाल्यानं खाली उतरून तो अलगद उचलून आत ठेवला. भला माणूस होता. पण आता रोज कुणीतरी माझा पाय उचलून ठेवणार, या विचारानं मला रडू फुटलं.

नंतर लातूरला गेलो आणि मामांच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडं मुक्काम केला. त्यांच्या परसात मुलींसाठी पत्र्याच्या खोल्या होत्या. वर दगडमाती नाही, हे बघूनच मला हायसं वाटलं. सकाळी कपाळाला विभूती लावलेल्या मालकीणबाई चहा देत म्हणाल्या, "जरा बाहेर जाऊन बघ की, बाई. आमच्याकडं पोरं कशी चालत्यात!"

दाराबाहेर आले आणि बघतच राहिले. नुकतं उजाडलं होतं. प्रत्येक गल्लीतून पोरं-पोरी निघत होत्या, पाठीवर दप्तर, ओठांवर सूत्रं. काही सायकलवर, बाकी सगळे पायीच. इतकी माणसं एकाच वेळी शिकायला निघालेली मी कधी पाहिली नव्हती. काही वर्षांपूर्वी हीच जमीन हलली होती. आज तिच्यावर एवढी पावलं पडत होती आणि ती शांत होती.

मीही त्यांच्यात शिरले. माझ्या पायाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. वाटेत खानावळ लागली, मग क्लास, आणि क्लासच्या कोपऱ्यावरून वळले तर समोर कॉलेजचं फाटक.

मागून मामांची हाक आली, "अगं, हळू चाल की! मला दम लागून राहिला."

मला कुणी हळू चाल म्हणेल, असं वाटलंच नव्हतं. मी फाटकाला धरून हसत उभी राहिले.

"काय म्हणतो पाय?" मामांनी धापा टाकत विचारलं.

"हाव म्हणतो, मामा. इथंच राहायचं म्हणतो."

त्याच दिवशी प्रवेश घेतला. दोन वर्षं मी त्या रस्त्यांवरून कुणाचाही हात न धरता चालले आणि बारावीनंतर फिजिओथेरपीला गेले.