मी, मला आणि ती

शिरूरच्या कोर्टाबाहेरच्या दुकानातून झेरॉक्सच्या प्रती हातात घेतल्या की त्या ऊन कागदांचा वास येतो, आणि अंगावर वकिलीचा काळा कोट असूनही मी पुन्हा बारावीतली होऊन जाते. लॉच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक माझ्या मैत्रिणीचं. माझ्याकडे त्याची झेरॉक्स. ती मूळची दौंडची, शाळेसाठी इथं मामांकडे राहिलेली.

माझं घोडं अडायचं इंग्रजी सर्वनामांपाशी. मराठीत 'मी' म्हणजे 'आय', पण इंग्रजीतलं 'मी' (me) म्हणजे आपलं 'मला', हे माझ्या कानाला पटतच नसे. त्यातून 'सरांनी मैत्रिणीला आणि मला बोलावलं' असं दोघींचं वाक्य इंग्रजीत करायला आलं, की मी ऐटीत 'आय' लिहून मोकळी. घोडनदीवरून वारा येणाऱ्या त्या अभ्यासिकेत ती न वैतागता वाक्यातल्या मैत्रिणीवर बोट ठेवायची. "हिला झाक आन् मग वाच. 'सरांनी मी बोलावलं' असं म्हणशील व्हय?" अख्खा उन्हाळा तिनं माझ्याकडून अशी वाक्यं वाचून घेतली.

दोघीही पास झालो. तिला माझ्याहून जास्त गुण. पुण्याला प्रवेश घ्यायला निघायच्या सकाळी ती स्टँडवर आली ती रिकाम्या हातांनी. दौंडला तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. "तिला उठवून बसवायलाबी माणूस लागतं. तू जा," एवढंच म्हणाली. मी गेले. आधी रोज फोन, मग सणासुदीला, मग तोही नाही. तिचा आवाज ऐकला की तिच्या जागेवर आपण बसलोय असं वाटायचं, आणि ते वाटणं टाळता टाळता मी तिलाच टाळत गेले.

गेल्या हिवाळ्यात दौंडच्या कोर्टातली तारीख आटोपून, धीर करून तिच्या दारात उभी राहिले. आई अजून खाटेवरच होती. आईच्या पाठीशी उशी सारत ती माझी सगळी चौकशी करत राहिली. रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. चहा झाला, मी निघाले, तेव्हा तिनं विचारलं, "कोर्टात इंग्रजीच बोलावं लागतं?"

"न्हाई गं. बरंचसं मराठीतच."

ती थोडं हसली. "मग एवढं शिकलो कशाला आपण?"

परतीच्या एसटीत, उसाच्या फडांमागं ऊन उतरत असताना, तिचं तेवढंच वाक्य मनात घोळत राहिलं. 'शिकलीस कशाला' असंही ती म्हणू शकली असती. इतक्या वर्षांत मी तिच्यापासून फार लांब निघून गेले होते; तिनं मात्र मला तिच्या 'आपण'मधून कधी वगळलंच नव्हतं.