मागच्या काचेवरचं इंग्लिश

हे मी कुणाकडेच बोललेले नाही. नवऱ्याकडे नाही, आईकडे नाही, बाप्पासमोर हात जोडले तरी नाही — तिथे तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागते. तुमच्याकडे बोलतेय, कारण तुम्ही आमच्या चाळीतले नाही. आणि आधीच सांगते, मला पश्चात्ताप झालाय असं समजून ऐकू नका. थोडा झालाय. पण राग जास्त आहे. अजून.

राग संतोषवर. माझा धाकटा दीर. आम्ही काळाचौकीला राहतो. गणपतीत चाळीच्या पुढच्या गेटातच मांडव पडतो, गाडी आत येत नाही. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ह्यांचे साहेब गाडी घेऊन दर्शनाला यायचे होते. फोन मी उचलला. साहेब इंग्लिशमध्ये. मीही धीर करून म्हटलं — फ्रंट गेट क्लोज, सर, प्लीज कम फ्रॉम माय बॅकसाइड. मागच्या गेटाने या, एवढंच म्हणायचं होतं हो मला! आमच्या शाळेत सगळे तसंच बोलायचे, बॅकसाइड म्हणजे ढुंगण हे कुणाला ठाऊक!

संतोष बाजूलाच उभा होता. हसून हसून लोळला. तेवढ्यावर थांबला असता तर — दीर आहे, चेष्टा करणारच. पण मांडवातला माइक त्याच्याकडे असायचा. संध्याकाळी, भरल्या मांडवात, साहेब समोर बसलेले, आणि हा माइकवर — "बॅकसाइड वयनी, आरतीक येवा!" सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. आणि नवरा? तोही. मी तबक घेऊन तशीच उभी. तेव्हापासून ते नावच पडलं. भाजीला खाली उतरले की गॅलरीतून कुणीतरी हाक मारायचंच. तुम्ही काय केलं असतंत? मी दातओठ खात भाजी घेऊन वर यायचे.

मग घरी शिवणाचा क्लास सांगून दादरला इंग्लिशच्या क्लासला जायला लागले. पुढे तिथेच एका टूरवाल्याच्या ऑफिसात काउंटरवर लागले. एकदा एक गिऱ्हाईक भडकलं — यू आर टेकिंग मी फॉर अ राइड! मी हसतमुखाने म्हटलं, येस सर, टुमॉरो मॉर्निंग, एसी बस. माणूस आणखीच पेटला. नंतर मॅनेजरबाईंनी समजावलं — अगं, टेकिंग फॉर अ राइड म्हणजे फिरायला नेणं नाही, उल्लू बनवणं. ते वाक्य मी जपून ठेवलं. कशासाठी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं — छे, खोटं कशाला बोलू? चांगलं माहीत होतं.

संतोष ड्रायव्हर, दुसऱ्याच्या टॅक्सीवर. त्याला एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. पाहुण्यांच्या गाड्या चालवायच्या, कायमची नोकरी, युनिफॉर्म. बायकोला दिवस गेलेले, त्यामुळे जीव टाकला होता त्याने त्या नोकरीवर. मुलाखत इंग्लिशमध्ये. आला माझ्याकडे. "वयनी, दोन-चार भारी वाक्यां शिकव गो." ज्या तोंडाने माइकवर बोलला, त्याच तोंडाने!

मी चहा केला. त्याला समोर बसवलं आणि शिकवलं. आय विल टेक एव्हरी गेस्ट फॉर अ राइड — म्हणजे काय, तर प्रत्येक पाहुण्याला झकास फिरवून आणीन. आय ड्राइव्ह पीपल अप द वॉल — म्हणजे घाट भिंतीसारखा उभा असला तरी माझी गाडी चढते. खरा अर्थ, मी माणसाला अगदी वैताग आणतो. घोकून घेतलं त्याच्याकडून. उच्चारसुद्धा सुधारले. इतकं मन लावून मी आजवर कुणाला काही शिकवलेलं नाही.

परत आला तो पेढे घेऊनच. "तिघय साहेब हसले गो! खूश झाले!" मला आतून उकळ्या फुटत होत्या. पेढा खाल्ला मी. गोड लागला. हॉटेलचा फोन काही आला नाही. त्याला वाटलं, बाकीची उत्तरं चुकली असणार, वयनीची वाक्यं तेवढी बरोबर बसली होती. तेव्हा तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. मुलगी झाली, तन्वी. हा दुसऱ्याचीच टॅक्सी मारत राहिला, कंबर गेली त्याची. आणि त्याने "आई गं" म्हटलं की मी मनात म्हणायचे — घे, आता माइकवर बोल.

मागच्या दसऱ्याला त्याने स्वतःची गाडी घेतली, जुनीच. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं — वी टेक यू फॉर अ राइड. पूजा माझ्याच हातून. "तुझीच वाक्यां, वयनी." मी त्या काचेला हळद-कुंकू लावलं. बॅकसाइडलाच की! हसू दाबता दाबता ताट हललं माझं.

तन्वी आता नववीत आहे, इंग्लिश मीडियमला. परवा ती एकटीच माझ्याकडे आली. रडवेली. "काकी, पप्पा मला गाडीने शाळेत सोडतात ना. काचेवरचं वाचून सगळे हसतात. त्याचा अर्थ फसवणं होतो गं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला पण माहीत नव्हतं ना?"

माहीत होतं, एवढं एकच बोलायचं होतं मला. एवढी वर्षं शिकलेलं इंग्लिश सगळं त्या एका उत्तरात होतं.

"नाही गं," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले आणि हसलीच. "काय काकी तू पण! पप्पा म्हणतात तसंच आहे तुझं इंग्लिश. बॅकसाइड!" मग माझा हात धरून म्हणाली, "मी नाही सांगणार पप्पांना. उगाच तुझ्यावर ओरडतील."

तिने नाही सांगितलं. मीही नाही. गाडी रोज सकाळी मागच्या गेटाने निघते, तन्वी मागच्या सीटवर. काच तशीच आहे.