पन्नास चाचण्यांचा इलेक्ट्रोड

होटगीच्या महेश्वरीबाई एकोणीस वर्षं आमच्या सोलापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. मी तिथलाच ग्रंथपाल. त्यांच्याबाबतीत जे झालं ते मी जवळून पाहिलं, आणि आठवलं की अजून डोकं तापतं.

विभागातले सिद्धाराम सर रक्तातलं युरिक ॲसिड मोजणारा सेन्सर बनवत होते. कार्बनच्या कांडीच्या, म्हणजे इलेक्ट्रोडच्या, टोकावर ग्राफीन या कार्बनच्याच एका प्रकाराचा पातळ थर द्यायचा आणि ते टोक द्रावणात बुडवायचं. युरिक ॲसिड जितकं जास्त, तितका विजेचा प्रवाह जास्त. पण चार-पाच चाचण्यांत टोकावर किटण चढतं आणि आकडा कमी येऊ लागतो. मग टोक घासून नवा थर द्यावा लागतो.

ते काम महेश्वरीबाईंचं. पांढरी पूड पाण्यात कालवून कापडावर घ्यायची, कांडी उभी धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची, टोक आरशासारखं झालं की धुऊन ग्राफीनचा एक थेंब सोडायचा आणि दिव्याखाली वाळवायचा. थेंब जरा कलला की थर वाया. संशोधन करणारी मुलं आठवडाभर झटायची आणि शेवटी कांडी घेऊन त्यांच्याकडेच जायची. घासल्याची प्रत्येक वेळ त्या तारखेसह वहीत लिहून ठेवत.

सरांचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. सत्कार झाले. मग सरांनी यंत्राची छोटी पेटी करून होटगीच्या शाळेत तपासणी शिबिर घेतलं. महेश्वरीबाईंना नेलं नाही. तिथं त्यांचं काय काम, असं सरांना वाटलं.

त्या शिबिरात त्यांचे यजमान प्रभुलिंग गेले होते. रेल्वेत रुळांच्या कामावर आयुष्य काढलेला माणूस, दहा वर्षांपासून गाऊटनं, युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीनं, अंगठा धरलेला, रोज एक गोळी. त्या दिवशी आकडा आला पाच; सातच्या आत असला की ठीक. सर म्हणाले, आता गोळीची गरज दिसत नाही. महिन्याभरात प्रभुलिंगांचा पाय घोट्यापर्यंत सुजला. चादरीचा स्पर्शही सोसवेना. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तर साडेनऊ. शिबिराच्या रांगेत ते एकतिसावे होते, आणि कांडी सगळ्यांना एकच.

महेश्वरीबाई सरांचा निबंध घेऊन माझ्याकडे आल्या. इंग्रजी वाचून मराठीत सांगा म्हणाल्या. मी सांगत गेलो. एके ठिकाणी होतं, एकाच थरावर सलग पन्नास चाचण्या घेतल्या, आकड्यांत फरक नगण्य. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"सलग कुठल्या, सायेब? त्या पन्नासात मी धा वेळा घासलाय की."

वही काढून त्यांनी तारखा दाखवल्या. बरोबर दहा होत्या.

महेश्वरीबाई आधी सरांकडेच गेल्या. सर म्हणाले, घासणं ही साफसफाई, ती कुणी निबंधात लिहीत नाही. मग होटगीत साफसफाई कुणी केली, असं बाईंनी विचारलं, तेव्हा सरांनी बाहेर जायला सांगितलं. मग बाईंनी प्राचार्यांकडे अर्ज दिला, सोबत वहीची पानं जोडली. प्राचार्यांनी तो बाजूला ठेवला. परिचर बाईनं डॉक्टरेट झालेल्या माणसाची चूक काढायची, हेच त्यांना जास्त खुपलं. बाईंचा नवरा घरात विव्हळत होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या महिन्यात अनुदान देणारी समिती आली. तिच्यातल्या एका बाईंनी साधी मागणी केली: एकच द्रावण, आमच्यासमोर सलग वीस चाचण्या. सरांनी सुरुवात केली. पाचवी झाली आणि सवयीनं त्यांचा हात कांडी घेऊन मागे वळला. तिथं महेश्वरीबाई उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले.

"आज मी घासणार न्हाय, सर. पन्नास चालतात म्हणून लिवलंय की तुमी."

आवाज चढला नव्हता. मी दारात होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. सरांना पुढे जावंच लागलं. नवव्या चाचणीला आकडा निम्म्यावर आला. बाराव्याला समितीनंच थांबवलं.

अनुदान गेलं. आठवडाभरात महेश्वरीबाईंची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. कारण, पाहुण्यांसमोर गैरवर्तन. सरांना एक साधी नोटीससुद्धा नाही. शिबिरातल्या त्रेचाळीस जणांना कळवायचं कॉलेजला सुचलं नाही. तेही महेश्वरीबाईंनीच केलं. चार रविवार होटगीत दारोदार फिरून पुन्हा रक्त तपासायला लावलं. अकरा जणांचं युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. प्रभुलिंगांची गोळी सरकारी दवाखान्यानं तेव्हाच परत सुरू केली होती; पायाची सूज उतरायला तीन आठवडे लागले होते.

आठ महिन्यांनी नियतकालिकात दोन ओळींची दुरुस्ती आली: दर पाच चाचण्यांनंतर पृष्ठभाग नव्यानं तयार करण्यात आला होता. कुणी केला, ते लिहिलेलं नाही. मी नियतकालिकाला महेश्वरीबाईंचं नाव कळवलं, वहीची पानं जोडली. उत्तर आलं, दुरुस्ती फक्त लेखकाला सुचवता येते. लेखक सिद्धाराम सर. ते आता विभागप्रमुख आहेत.