तळमजल्यावरचा बोलर

"काय केलं गं आपल्या बोलरनं?"

सकाळचा चहा उकळायच्या आत आमच्या घरात हा प्रश्न पडायचा. विचारणारे माझे सासरे, आणि उत्तर शोधायचं काम माझं, कारण बाबा माउसला हात लावायचे नाहीत. मला आठला लॅबमध्ये पोचायचं असायचं. केस ओले, एका हातात डब्याचं झाकण, आणि दुसऱ्या हातानं मी अमेरिकेतल्या कुठल्यातरी गावच्या बेसबॉल टीमचं स्कोअरकार्ड उघडतेय. वैताग नुसता! बरं, मला स्वतःला क्रिकेटसुद्धा कधी धड कळलं नाही.

आम्ही तेव्हा जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहायचो. मी केमिकलमध्ये, नवरा ऱ्हाईनपलीकडे मानहाइमला गाड्यांच्या कंपनीत, आणि महिन्यातले अर्धे दिवस बाहेरगावी. बाबा दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचे. सासूबाई गेल्या, त्या वर्षी ते पहिल्यांदा एकटे आले आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसून राहिले. काही विचारायचेच नाहीत. वाढलं की जेवायचे. "मीठ ठीक आहे ना?" म्हटलं की "आहे". पुण्यात जन्मभर बँकेत नोकरी आणि दर रविवारी मैदानावर क्लबच्या मॅचेसना अंपायर, असा बोलका माणूस. तो गप्प बसला की घर खायला उठतं.

आणि एका दुपारी बाल्कनीतून आरोळी आली, "नो बॉल!"

मी हातातलं टाकून धावले. आधीच ती मिटाग्सरूहेची, म्हणजे दुपारच्या सक्तीच्या शांततेची वेळ, कुणी जोरात शिंकलं तरी इमारत सांभाळणारा आमचा हाउसमाइस्टर जिन्यात येऊन उभा राहायचा. खाली होफमध्ये, इमारतीच्या आवारात, तळमजल्यावरच्या बाईंचा मुलगा जाळी बांधून तिच्यात चेंडू मारत होता. अठरा-एकोणीसचा, ताडमाड, लाल कानांचा. त्यानं वर बघून विचारलं, काय झालं? मला मेल्याहून मेल्यासारखं. मी जर्मनमध्ये सांगितलं की आमच्या खेळात चेंडू टाकताना कोपर वाकवून फेकलेलं चालत नाही. तो हसला. म्हणाला, आमच्या खेळात वाकवावंच लागतं.

मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मग तो खेळ नव्हे, दगडफेक आहे."

पण दुसऱ्या दिवशी सपाता घालून खाली हजर! बरोब्बर त्या मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले, हात पाठीशी बांधून. त्यानं मोडक्या इंग्रजीत समजावलं की बेसबॉलचा अंपायर पलीकडे उभा राहतो, बॅट्समनच्या मागे. बाबांनी ऐकून घेतलं आणि जागचे हलले नाहीत. "बोलरच्या मागे उभं राहिल्याशिवाय बोलर कळत नाही," मला म्हणाले, "सांग त्याला."

हे 'सांग त्याला' माझ्या मागे लागलं ते तिथपासून. मी म्हणजे बाबांची जीभ. सराव झाला की तो खांद्यावर बर्फाची पिशवी बांधायचा, ते बघून बाबांचा जीव खाली-वर. "तापलेल्या हातावर बर्फ? अरे, आखडेल तो! सांग त्याला." बॅगेतून नारायण तेलाची बाटली निघाली. पोरानं हुंगली, नाक मुरडलं आणि "नाइन, डांके", नको, थँक्यू, म्हणून परत दिली. बाबांना राग आला नाही. संध्याकाळी जेवताना त्यांनी त्या खेळाचे नियम मला समजावले, आणि भाजीत मीठ कमी आहे तेही सांगितलं. मी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले.

मुलगा नदीपलीकडच्या क्लबात खेळायचा. एका रविवारी आम्ही ट्रॅमनं मॅच बघायलाही गेलो. त्याची आई नर्स होती, मुलाला एकटीनं वाढवलेलं. मी हाक मारते ते ऐकून ती माझ्या सासऱ्यांना 'हेर बाबा', म्हणजे श्रीयुत बाबा, म्हणायला लागली, आडनाव समजून. आम्ही कुणी ते दुरुस्त केलं नाही.

त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एका क्लबनं त्याला घेतलं. थेट मोठ्या टीममध्ये नव्हे. तिकडे पायऱ्या असतात. सगळ्यात खालच्या टीममध्ये पोरं भरतात, चांगला खेळला तर वर चढवतात, नाहीतर घरी पाठवतात. शेकड्यांनी पोरं, आणि टोकाला पोचणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "चढेल. माझं पोरगं चढेल." माझं! सख्ख्या मुलाच्या प्रमोशनला त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मग रोजची ती कसरत. तिकडची मॅच आपल्या रात्री व्हायची, सकाळी आकडे लागलेले असायचे. शनिवारी त्याची आई ब्रोटशन, म्हणजे ताजे गोल पाव, घेऊन वर यायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, बाबांना जर्मन, मला बेसबॉल. तरी आमचं झकास चालायचं. एकदा पाच पॉइंट एक डाव असा आकडा दिसला, तेव्हा ती म्हणाली, एक दशांश डाव कसा टाकतात? बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "अहो, पाच ओव्हर आणि एक बॉल लिहितो ना आपण, तसं. पाच डाव पुरे आणि सहाव्यात एक आउट." ती म्हणाली, "गेनाऊ!" अगदी बरोबर! तिला ओव्हर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तरी.

पोरगं चढलं! पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच त्याला वरच्या टीममध्ये घेतलं. त्या वर्षी बाबा उन्हाळ्यात आले नाहीत, डिसेंबरात येणार होते. म्हणून रोज पुण्याहून फोन. मी एक पाय बुटात घालून आकडे वाचायची. मे महिना छान गेला. जुलैपासून मी वाचून झालं की बाबा तेच आकडे परत वाचायला लावायचे. चेंडू भरकटल्यानं फुकट सोडलेले बॅट्समन वाढले होते आणि डाव कमी झाले होते.

"हात दुखतोय त्याचा," एक दिवस म्हणाले.

"बाबा, असं आकड्यांत दिसतं का काही?"

"तुला नाही दिसणार."

खाली त्याच्या आईला विचारलं, तर मुलगा फोनवर सगळं 'प्रिमा', एकदम छान आहे म्हणतो, असं ती म्हणाली. मी तेच पुण्याला कळवलं.

नाताळात तो घरी आला, आणि दोन दिवसांनी आई-मुलगा आमच्याकडे चहाला. अंगानं भरला होता, दाढी राखलेली. बाबांनी त्याच्यासाठी चिवडा काढून ठेवला होता. तो जॅकेट काढायला लागला, आणि बाबा जागचे उठले. दोन पावलं टाकून ते त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, होफमध्ये राहायचे तसे. त्यानं डावी बाही आधी, मग डाव्या हातानं उजवी ओढून काढली. उजवा खांदा जराही वर गेला नाही.

"खांदा गेलाय याचा," बाबा म्हणाले. "लपवतोय. सांग त्याच्या आईला."

"बाबा, इथे असं बोलत नाहीत लोक. त्यांचा खासगी प्रश्न आहे तो."

"मग कुठे बोलतात? दिसलं की बोट वर करायचं, एवढंच मी आयुष्यभर केलंय. सांग."

त्या पोराला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण बाबांची नजर कुठे आहे ते त्याला कळलं. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. नको. मला सगळं समजलं. दुखतंय म्हटलं की क्लब बाहेर बसवणार, आणि बसवलेल्याच्या जागेसाठी मागे रांग लागलेली. त्याची आई समोर कपात साखर ढवळत होती. मी तेव्हा पाणी आणायच्या निमित्तानं उठू शकले असते.

मी आईला सांगितलं.

ती नर्स. उठली, त्याचं मनगट धरलं आणि हात बाजूनं वर न्यायला लागली. खांद्याच्या उंचीला येईपर्यंत त्याचा चेहरा पांढराफटक झाला. त्यानं हात सोडवून घेतला, जॅकेट उचललं, बाबांना "डांके" म्हणाला आणि गेला. इतका कडू डांके मी जर्मनीत परत ऐकला नाही. सुट्टीभर तो वर आला नाही.

डॉक्टर म्हणाले की आणखी काही महिने असाच फेकत राहिला असता, तर हा हात पुढे डोक्यावर गेलाच नसता. ऑपरेशन झालं. मग वर्षभर व्यायाम. हात बरा झाला, पण चेंडूचा तो वेग काही परत आला नाही, आणि क्लबनं त्याला सोडून दिलं.

एवढ्या काळात बाबांनी पुण्याहून एकदाही त्याचं नाव काढलं नाही. तिकडे थंडी किती, नवरा कुठे, भाजी कुठली केली, सगळं विचारायचे. मी आपण होऊन म्हणायची, "बघू का आपल्या बोलरचं काही?" तर म्हणायचे, "नको. राहू दे." मला त्यांचा इतका राग यायचा आणि इतकी दया यायची, की फोन ठेवल्यावर मी उगाच नवऱ्यावर ओरडायची.

मधला एक उन्हाळा बाबा आलेच नाहीत, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आले ते थकूनच. परत बाल्कनी, परत ती खुर्ची. मुलगा खाली घरीच होता, पण होफमध्ये जाळी नव्हती. दोघं एकमेकांच्या वरखाली, आणि भेट नाही.

एका शनिवारी बेल वाजली. मला वाटलं, मुलाची आई ब्रोटशन घेऊन आली. दारात तो. जिना चढून आल्यानं नव्हे, पण धाप लागल्यासारखा उभा. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

"त्यांना सांगा," तो मला म्हणाला, "की त्यांचंच बरोबर होतं."

मी सांगितलं. बाबांनी ऐकलं. खुर्चीचा हात धरून ते सरळ उभे राहिले.

"बरोबर असून काय उपयोग?" ते म्हणाले. "मला चुकायचं होतं रे. एकदा तरी माझं चुकायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून, "सांग त्याला."

इतकी वर्षं त्यांचं सगळं मी सांगितलं होतं. त्या दिवशी मला नाही जमलं. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, आणि बाबाही.

शेवटी बाबाच आत गेले. बाटली घेऊन आले, वाटीत तेल ओतलं आणि गॅसवर धरून कोमट केलं. त्यांनी स्टुलाकडे बोट केलं. त्यानं शर्ट काढला, दोन्ही हातांनी, आणि बसला. खांद्यावर ऑपरेशनच्या खुणा होत्या. बाबा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तळहातानं हळूहळू तेल जिरवायला लागले.

"आज काय केलं रे?" त्यांनी त्यालाच विचारलं, मराठीत.

त्याला काही कळलं नाही. तो मान खाली घालून रडत होता. बाबा चोळत राहिले.