तिचा आवाज बसला तेव्हा

चंद्रपूरच्या आमच्या होस्टेलपासून बसस्टँडपर्यंत असा एकही माणूस उरला नसेल, ज्याला माझ्या रूम पार्टनरने कधी ना कधी काहीतरी शिकवलं नाही. त्यांना शिकायचं होतं का, हे विचारायची पद्धत तिच्याकडे नव्हती. ती आलापल्लीची, वडील वनरक्षक. मी सावलीची, घरची धानाची शेती. बी.एस्सी.ची तीन वर्षं आम्ही एका खोलीत काढली आणि तेवढ्या काळात तिने गप्प बसून अभ्यास केल्याचं मला आठवत नाही. तिचं साधं मत होतं, की जे दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ते आपल्यालाही समजलेलं नाही. मत चांगलंच होतं. त्रास त्या दुसऱ्याला व्हायचा. मेसमध्ये भाजी चिरणाऱ्या बाईंना तिने एकदा पेशीविभाजन समजावलं. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. बाई ऐकता ऐकता त्याच तालावर बटाटे चिरत गेल्या आणि त्या संध्याकाळी भाजीत बटाटा कुणाला दिसला नाही, नुसती चव लागली. एकदा गावाहून येताना बसमध्ये ती शेजारच्या म्हातारीला झाडं अन्न कसं तयार करतात ते सांगत होती, तर म्हातारी हिच्याच खांद्यावर झोपी गेली. दुसरी कुणी असती तर चिडली असती. ही खोलीवर येऊन उदास बसली. "वाक्य लांबलं माह्यं," ती म्हणाली, "म्हातारी जागी राहीन असं सांगाले पायजे होतं."

तिचं वाचन तर पाहवत नसे. एक पान वाचायची, पुस्तक मिटायची आणि भिंतीकडे बघून तेच सांगत बसायची. संध्याकाळभरात तिची तीन पानं व्हायची, तेवढ्यात माझा अख्खा धडा पिवळ्या हायलायटरने रंगून निघालेला असे. मला तिची कीव यायची. मग ती मला विचारी, काय वाचलंस? मी डाव्या पानावर खाली कोणती आकृती आहे, तिच्यावर किती ओळी आहेत, सगळं सांगायचे. ती मान तिरकी करून भुवया उंचावायची. समजलं नाही, याची ती खूण. "पान पाठ झालं तुयं," ती म्हणायची, "त्यातली गोष्ट कुठी गेली?" मला तेव्हा या प्रश्नाचा अर्थच कळत नसे. शिवाय कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू तपासायची असली, की ती उठून माझ्या पलंगावर यायची आणि तिथून स्वतःच्याच म्हणण्याला विरोध करायची. मला पांघरुणासकट कोपऱ्यात सरकावं लागे. एकदा अशीच ती स्वतःशी वाद घालताना हरली आणि त्या रागात जेवायलाही आली नाही.

शेवटच्या वर्षी आम्हा दोघींना मिळून प्रोजेक्ट होता, धानावरचा करपा रोग. बाहेरगावचे परीक्षक येणार होते आणि त्यांच्यापुढे सगळं तोंडी मांडायचं होतं. वाटणी सोपी झाली. बोलणार ती, तक्ते धरणार मी. वर्गात हजेरीपलीकडे माझा आवाज कुणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे मी खूश होते. आदल्या दिवशी आमच्या मुलींचा कबड्डीचा सामना होता. हिने तिथे गळा फाटेस्तोवर ओरडून घेतलं आणि सकाळी तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. हळद घातलेलं दूध झालं, गुळण्या झाल्या, आवाज काही आला नाही. मी धावत प्रोजेक्टच्या सरांकडे गेले, उद्यावर ढकला म्हणून विनवलं. सर म्हणाले, परीक्षकांची दुपारी बल्लारपूरहून गाडी आहे. एकीने बोललं तरी चालेल, पण कुणीतरी बोलायलाच हवं. नाहीतर दोघीही नापास.

आता बोलणार मी, म्हणून तक्ता हिनेच टेबलाला टेकवून ठेवला आणि ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी पाठ केलेलं सुरू केलं. तिसऱ्या वाक्यात पुढचा शब्द हरवला. तो पानावर कुठे होता ते मला दिसत होतं, शब्द मात्र दिसत नव्हता. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मी हिच्याकडे पाहिलं, तर मान तिरकी आणि भुवया वर. परीक्षकांना विसरून मी तिलाच सांगायला लागले. आमच्या बांधीत, म्हणजे शेताच्या बांध घातलेल्या तुकड्यात, धानाच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके कसे आले, बाबांना ते उन्हाने झालं असं वाटलं, मग आम्ही दोघींनी ती पानं ओल्या कापसावर झाकून ठेवली आणि त्यांच्यावर बुरशीची राखाडी लव कशी उगवली. हिच्या भुवया हळूहळू खाली येत होत्या. परीक्षकांनी विचारलं, सगळ्याच बांध्यांत का नाही आला रोग? मी म्हटलं, "ते आम्हाला माहीत नाही, सर. दोनच बांध्या पाहिल्या. जास्त खत घातलेल्या बांधीत जास्त होता, एवढंच सांगू शकते." ते हसले, म्हणाले, बस, जेवढं पाहिलं तेवढंच बोललात.

बाहेर आल्यावर आम्ही जिन्यावरच बसलो. छातीवरचं ओझं असं उतरलं होतं की मी उगाचच हसत सुटले. हिने घसा खाकरला, खूप जोर लावला आणि कशीबशी कुजबुजली, "मले समजलं."

आता ती आलापल्लीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि मी बँकेत काउंटरवर दिवसभर लोकांशी बोलते. खोली एकटीची आहे, पलंगावर हवं तसं पसरता येतं. या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते. तिची बडबड पोटभर ऐकायची असं ठरवूनच गेले होते. जेवणं झाली, आम्ही अंगणात खाट टाकली, तरी ती गप्पच. काय झालं म्हणून मी विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली, "दिवसभर मीच बोलतो. तू सांग, मी आयकून राह्यली."

मग मी सांगत राहिले. मध्येच वाटलं, ही झोपली की काय, म्हणून थांबले. तर अंधारातून तिचा हात आला आणि पुढे बोल म्हणून माझ्या मनगटावर हलकेच आपटला.